तुतीची हाडं

लिऊ काकी मला एकदम भेटली नाही, हप्त्याहप्त्यानं भेटली. आधी तिचा वास आला, मग आवाज आला, आणि ती स्वतः सगळ्यांत शेवटी आली.

वास म्हणजे काय, ते सांगतो. क्वांग न्गायहून सुटलेली आमची बस आन थुई गावापासून दोन डोंगर अलीकडे होती, तेव्हाच शेजारच्या म्हाताऱ्यानं नाक वर करून जाहीर केलं, "लिऊनं रांजण उघडला वाटतं." मला ती थट्टा वाटली. पुढच्याच वळणावर टपावरच्या टोपलीतली कोंबडी बेशुद्ध पडली. आवाजाबद्दल गावात असं सांगत की तिनं किनाऱ्यावरून "जेवायला या रे!" म्हणून हाक मारली की तीन कोसांवरच्या होड्या वळत, आणि त्यांच्या मागोमाग थोडे भुकेले मासेही.

साल होतं १९५५. मी बावीस वर्षांचा होतो आणि आन थुईच्या जन्ममृत्यूच्या वहीचा कारकून म्हणून सरकारनं मला पाठवलं होतं. जवळ एक पत्र्याची ट्रंक, एक दौत, आणि आईनं इस्त्री केलेली पांढरी विजार. ती अंगात होती. बस थांबली ती नेमकी लिऊ काकीच्या अंगणासमोर. अंगणात माझ्या छातीएवढे चाळीस रांजण ओळीनं उभे. मासे आणि मीठ त्यात वर्षभर मुरत पडायचे आणि खालच्या तोटीतून तांबडा रस ठिबकायचा. नवीन माणूस आहोत, कौतुक दाखवावं, म्हणून मी एका उघड्या रांजणात वाकून पाहिलं. त्याच क्षणी मागून ती हाक आली. "कोण रे तो मेला!"

मी रांजणात गेलो. छातीपर्यंत.

तिनं मला पायांना धरून बाहेर काढलं, मुळा उपटावा तसं. मग माझ्या खांद्याला लागलेलं बोट तिनं जिभेला लावलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "मीठ कमी आहे याच्यात." खिशातली दौत फुटून विजारीवर निळा नकाशा उमटला होता. तो बघून ती म्हणाली, "दौत्या आहे वाटतं. चल, जेवायला बस." त्या दिवसापासून आजपर्यंत आन थुईत मला माझ्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. गावातली कुत्री तर पुढची दोन वर्षं माझ्या मागून मिरवणुकीनं चालत.

लिऊ काकी तेव्हा तेहतीस-चौतीसची असेल. रुंद, काळीसावळी, तोंडात अखंड विडा. मूलबाळ नव्हतं. तिला कशाचीच भीती वाटत नाही, असं गाव सांगायचं. गाव चुकत होतं. तिच्याइतकं घाबरट माणूस मी जन्मात पाहिलं नाही. आम्ही घाबरलो की गप्प बसायचो आणि ती घाबरली की ओरडायची, एवढाच फरक. तिच्या ओरडण्याला लोक धैर्य समजत.

तिची भीती एका माणसाएवढी होती आणि त्या माणसाचं नाव होतं दांग. तो तिचा नवरा. फ्रेंच गेले, शांतता झाली, आणि शांततेची पहिली खूण म्हणून देशाचे दोन तुकडे केले गेले: उत्तर कम्युनिस्टांची, दक्षिण, म्हणजे आम्ही, सायगावची. फ्रेंचांशी लढलेल्यांनी उत्तरेत जायचं, दोन वर्षांनी सगळ्या देशात मतदान होईल तेव्हा परत यायचं, असं ठरलं. दांगही लढला होता. म्हणजे लढणाऱ्यांना होडीतून तांदूळ पोचवले होते. १९५४ च्या पावसाळ्यात तो क्वि न्योनच्या बंदराकडे चालत निघाला. जाताना त्यानं बांधावरून वळून दोन बोटं वर केली. तेव्हा जाणारा प्रत्येकजण घरच्यांना तशीच दोन बोटं दाखवत होता. दोन वर्षं.

मतदानात कोण निवडून येणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मतदान झालंच नाही. तोपर्यंत समुद्रापलीकडच्या अमेरिका नावाच्या देशाला आमची भीती वाटू लागली होती. हसू नका, खरंच सांगतो. आमच्या तालुक्याचा अधिकारी कॅप्टन दोआन यानं बाजाराच्या चौकात नकाशा टांगून आम्हाला ते समजावलं होतं. आन थुई लाल झालं की क्वांग न्गाय लाल होणार, मग सायगाव, मग सयाम, मग ब्रह्मदेश, आणि असं एकेक पडत पडत शेवटी अमेरिकेच्या अंगणातलं कुंपण पडणार. आम्ही सगळे आपल्या गावाकडे नव्या आदरानं पाहू लागलो. आन थुईत पडण्याजोगी उंच गोष्ट म्हणजे देवमाशाच्या देवळाजवळचा माड, आणि तो मागच्याच वादळात पडून गेला होता.

भीती वरून खाली येते, पाण्यासारखी. अमेरिका कम्युनिस्टांना घाबरली, सायगावचे साहेब अमेरिकेची मदत थांबेल म्हणून घाबरले, कॅप्टन दोआन सायगावला घाबरला आणि आम्ही कॅप्टनला. मदत मात्र येत होती. पिठाची पोती यायची, त्यांवर हातात हात घेतलेल्या दोन पंजांचं चित्र असायचं. पीठ आम्हाला खाता येत नसे, पण पोतं मजबूत असे. काकीनं चाळीसही रांजणांच्या तोंडांवर त्यांचे दादरे बांधले होते.

मग घरांचे वर्ग पडले. अ, ब आणि क. शाळेत अ वर्ग चांगला असतो. इथं उलट होतं. ज्याचं माणूस उत्तरेत, त्याचं घर अ. दारावर पाटी. अ वर्गानं आठवड्यातून तीन दिवस चौकात अभ्यासाला बसायचं, वर्षा-दीड वर्षानं ट्रकमध्ये बसून तुरुंगात जायचं. बायकांसाठी एक पळवाट ठेवली होती. मंचावर चढायचं, गावादेखत नवऱ्याला देशद्रोही म्हणायचं, आणि काडीमोडाच्या कागदावर अंगठा उठवायचा. १९५६ चा तेत, म्हणजे नव्या वर्षाचा सण, संपला आणि काकीला तिची तारीख मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत आली आणि माझ्या टेबलावर बसली. खुर्चीवर नाही, टेबलावर.

"दौत्या, तुझ्या त्या वहीत माणूस मारता येतो का?"

"काकी, वहीत फक्त मेलेला लिहितात."

"मग आधी मारावा लागेल." तिनं खिडकीतून पिंक टाकली. "त्या वादळात हिएनची होडी गेली ना? पाच माणसं होती?"

"पाच."

"सहा होती."

मी दौतीला टोपण लावलं. दांग गेला त्याच आठवड्यात ते वादळ झालं होतं, हे मला ठाऊक होतं. बुडालेल्या पाचांच्या बायकांशी तिचं आधीच बोलणं झालं होतं. त्या काय बोलणार? सगळ्या एकाच घाटावर मासे सोलणाऱ्या. "काकी, हे सापडलं तर तुझ्याबरोबर मीही ट्रकमध्ये."

"जागा आहे ट्रकमध्ये. तू कितीसा!"

"मंचावर चढ ना एकदाची. दोन शब्द बोलायचे. सगळ्या बोलतात."

तेव्हा ती पहिल्यांदाच हळू बोलली. "माझा आवाज कुठवर जातो ठाऊक आहे ना तुला? त्यानं ऐकलं तर?"

मी लिहिलं. समुद्रात बुडून मृत. ती सही अजूनही वेलबुट्टीसारखी दिसते.

पण आमच्या किनाऱ्यावर नुसत्या वहीनं माणूस मरत नाही. समुद्र ज्याचं प्रेत परत देत नाही त्याचं आम्ही वाऱ्याचं थडगं बांधतो. टेकडीवरच्या विहिरीची माती आणून तिचा माणूस घडवायचा. हाडं तुतीच्या फांद्यांची. पुरुषाला बरगड्या सात. वरून कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाचा हात, ती कातडी. मग मांत्रिकानं किनाऱ्यावर उभं राहून तीनदा नाव घेऊन बोलवायचं. आत्मा पाण्यातून येतो, मातीत शिरतो, तुतीच्या हाडांवर बसतो, आणि तो माणूस मेला. खऱ्या अर्थानं. तोवर तो भिजत भटकत असतो.

आमचा मांत्रिक बिएन आबा. पाठीत वाकलेला, कपाळावर आठी, आणि स्वतःच्या विद्येवर इतका विश्वास की ताप आला तर गुपचूप शहरातल्या डॉक्टरकडे जायचा. काकीनं त्याला कबूल करायला लावलं त्या वेळी मी अंगणात होतो.

"बिनहाडाचा?" आबा ओरडला. "पोरी, हाडं नाहीत तर आत्मा बसणार कशावर?"

"बसू नये म्हणूनच ना! माझा माणूस जिवंत आहे, आबा. तुम्ही हाडं घालून बोलावलंत आणि तो तिकडे जेवता जेवता कोसळला म्हणजे?"

"मग मातीचं बोचकं पूर. त्याला मी कशाला?"

"तुम्ही नसाल तर लोक म्हणतील, खोटं."

"आणि मी असेन तर ते खोटंच असेल! पन्नास वर्षं मी..."

"आबा," काकी गोड आवाजात म्हणाली, "पाटलाच्या डुकराला तुम्ही दीर्घायुष्याचा मंत्र घातलात आणि ते दुसऱ्या दिवशी मेलं. मी कुणाला बोलले का?"

आबानं बिनहाडाचा दांग घडवला. बाहेरून फार देखणा झाला होता. खऱ्यापेक्षा बरा, असं काकीच म्हणाली. शवपेटीत तिनं त्याचं हातानं फेकायचं पागाचं जाळं ठेवलं, काठाच्या शिशाच्या गोळ्यांसकट. कोळ्याबरोबर त्याचं जाळं जातं, तशी रीतच आहे.

त्या अंत्ययात्रेत काकी जी रडली, तसं रडणं किनाऱ्यानं पुन्हा ऐकलं नाही. बिएन आबा पाण्याकडे तोंड करून दांगला बोलवायला लागला की ही त्याच्या वरताण हंबरडा फोडायची. तीनदा त्यानं बोलावलं, तीनदा तिनं त्याचा आवाज बुडवला. कॅप्टन दोआनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कोण सांगणार की बाई दुःखानं रडत नाहीये, नवऱ्याला ती हाक ऐकू जाऊ नये म्हणून ओरडतेय! पण मी जवळ होतो, मला तिच्या हनुवटीवरून ओघळणारं दिसत होतं, आणि ते काही सगळंच सोंग नव्हतं.

दारावरची पाटी बदलली. अ चा क झाला.

आता त्राकबद्दल सांगायला हवं. त्राक म्हणजे आमच्या गावचा पोलीस. वादळात गेलेला होडीवाला हिएन याचा धाकटा भाऊ. वादळ झालं तेव्हा तो दूर पलटणीत होता, परत आला तेव्हा भावाचं थडगं बांधून झालं होतं. होडीत पाच होते की सहा, हे त्याला गावानं सांगितलं तेवढंच माहीत. भाऊ आणि दांग बरोबर गेले, असं तो धरून चालला होता. दर वर्षी श्राद्धाला काकी मोठा स्वयंपाक करी, त्राक यायचा, पितरांच्या देव्हाऱ्यातल्या दांगच्या फोटोला उदबत्ती लावायचा आणि दोन पेले चढले की रडायचा. "वहिनी, दोघं तिकडेही एकाच होडीत असतील, नाही?" काकी त्याच्या वाडग्यात माशाचा आणखी एक तुकडा टाकायची. "खा तू. तिकडचं तिकडे." मी समोर बसून भाताची शितं मोजायचो.

अशी सात वर्षं गेली. मधे उत्तरेच्या माणसांशी संबंध ठेवणाऱ्यांविरुद्ध नवा कायदा आला. फिरतं न्यायालय आलं. ट्रकवर न्यायाधीश, आणि मागच्या ट्रकवर मान कापायचं यंत्र. फ्रेंच जाताना एवढं एकच विसरून गेले होते. ते यंत्र आमच्या गावावरून फक्त पुढे गेलं, थांबलं नाही. पण त्या दिवसापासून मी बंद गळ्याचा सदरा शिवून घेतला. तोवर माझं लग्न झालं होतं. बायको म्हणाली, "उन्हाळ्यात?" मी म्हटलं, "गळ्याला बरं वाटतं."

१९६३ साली गावाभोवती बांबूचं टोकदार कुंपण झालं, आम्हीच बांधलं, आणि त्या कुंपणाचं काम बघायला अमेरिकेहून मेजर टॅलबर्ट आले. फार सज्जन माणूस. प्रत्येक दारात त्यांचं डोकं आपटायचं आणि प्रत्येक वेळी ते दाराची माफी मागायचे. काकीच्या रांजणांवरचे दादरे पाहून त्यांना भरून आलं. मदत घरोघर पोचली आहे, असं त्यांनी वहीत लिहिलं. मुलांना गोळ्या वाटायचे. पण गोळ्या वाटताना डावा हात पिस्तुलावरून हलायचा नाही, आणि म्हातारी बाई खोकली तरी मान वळायची. एवढा मोठा देश पाठीशी असलेला माणूस आम्हाला घाबरतो, याचं आधी हसू यायचं. मग घाम फुटायचा. घाबरलेल्या माणसाजवळ इतक्या बंदुका असाव्यात का?

शेजारच्या तालुक्यात एका थडग्यात सतरा रायफली सापडल्या. तो आठवडा संपायच्या आत मेजरसाहेबांना कुणीतरी सांगितलं की आन थुईच्या वाळूत सहा थडगी आहेत आणि एकातही प्रेत नाही. सांगणाऱ्यानं रीत म्हणून सांगितलं असेल. ऐकणाऱ्याचा चेहरा मात्र, दुभाष्या सांगत होता, पिठासारखा झाला.

कॅप्टनचा हुकूम दुपारी बारा वाजता निघाला. उद्या सकाळी आठला थडग्यांची तपासणी. कारकुनानं वही घेऊन हजर राहावं. वाळूवर पहारा संध्याकाळपासून.

मी धावत काकीकडे गेलो. बिएन आबा आधीच येऊन बसला होता. सदऱ्याखाली तुतीच्या फांद्यांचा भारा, सोलून, कापून तयार. सात बरगड्या, दोन मांड्या, सगळा हिशेब.

"पहारा संध्याकाळी येतोय," आबा कुजबुजला. "आत्ता चल. वाळू भुसभुशीत आहे. पोट फोडून हाडं सारतो, वरून लिंपतो. अर्धा तास, पोरी. उद्या उघडलं तरी रीतसर माणूस निघेल."

काकी रांजणाच्या तोटीजवळ बसली होती. तिचे हात मी पहिल्यांदा रिकामे पाहिले.

"गोऱ्याला काय कळतंय हाडांतलं?" ती म्हणाली.

"गोऱ्याला नाही कळणार, त्राकला कळेल!" मी जवळजवळ रडत होतो. "भावाच्या हाडांसाठी तोडलेल्या तुतीच्या जागी नवी तुती त्यानं स्वतः लावली आहे. बिनहाडाचा बाहुला बघितला की त्याला सगळं कळेल. आणि तो पोलीस आहे, काकी. ते यंत्र तालुक्याला उभं आहे."

"ठाऊक आहे."

"मग घाल ना हाडं! तुला काय वाटतं, खरंच आत्मा..."

"मला काय वाटतं ते सोड. तुला वाटत नाही ना? आबांना तरी वाटतं का, विचार."

आबानं भाऱ्याची गाठ पुन्हा आवळली.

"आज हाडं घालून मी वाचले," ती म्हणाली, "आणि उद्या तिकडून कळलं की तो याच दिवशी गेला, मग? मी रांजण ढवळत बसू? अरे, दोन बोटं दाखवून गेला होता. दोनाची नऊ झाली. पण त्यानं बोटं खाली केलेली मी पाहिलेली नाहीत."

मी तिच्या पाया पडलो. आईशप्पथ, पडलो. माझ्या बंद गळ्याचं बटण तुटलं.

तिनं माझ्या टाळूवर टपली मारली. "रडू नकोस. तुझं नाव घेणार नाही मी. सांगेन, या दौत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तुझ्याकडे बघून ते कुणालाही पटेल."

सकाळी आठ वाजता सगळं गाव वाळूवर गोल करून उभं होतं. एक शिपाई लांब दांड्याला थाळी लावलेलं यंत्र घेऊन आला. ती थाळी वाळूवरून फिरवायची. खाली धातू असला की यंत्र किंचाळतं. हिएनच्या थडग्यावर ते गप्प राहिलं. दुसऱ्यावर गप्प. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यावर गप्प. दांगच्या थडग्यावर आलं आणि असं किंचाळलं की मेजरसाहेब आडवे झाले आणि त्यांचं बघून कॅप्टनही.

शिशाच्या गोळ्या. जाळं. त्या क्षणी मला आठवलं, आणि आठवून उपयोग काय!

खणलं. पेटीचं झाकण निघालं. कॅप्टननं पागाचं जाळं काठीनं उचललं, गोळ्या खुळखुळल्या. मेजरसाहेबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, मग निराशा, मग पुन्हा संशय. जाळ्याखाली दांग झोपलेला होता, पिवळा, शांत, नाक थोडं झिजलेलं. साहेबांनी संगिनीकडे बोट केलं. शिपायानं संगीन पोटात खुपसून ओढली. सुकलेली माती फुटली. छाती उघडी पडली, पोट उघडं पडलं, मांडी तुटली.

माती. नुसती माती. सात सोडा, एकही काडी नाही.

गावातल्या प्रत्येकानं ते पाहिलं. मेजर आणि कॅप्टन खड्ड्यावर ओणवून होते, दोघांच्या नाकापासून हातभरावर सत्य पडलेलं होतं, आणि ते रायफली शोधत होते.

त्राक खड्ड्यात उतरला. गुडघ्यावर बसला. त्यानं मनगटापर्यंत हात मातीत घातला, छातीच्या जागी, चाचपलं. मग कमरेशी. मग मांडीत. त्याचा चेहरा मला दिसत होता. सात श्राद्धं, सात वर्षांचे अश्रू, सगळं त्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. त्यानं मान वर करून काकीकडे पाहिलं. गावाला हाका मारणारी बाई. विडासुद्धा चघळत नव्हती.

"मेजर विचारतात," दुभाष्या म्हणाला, "हे असंच असतं का? की बाकीची पाचही उघडायची?"

त्राकनं हिएनच्या थडग्याकडे पाहिलं. त्यावरची उदबत्तीची काडी ताजी होती. रोज काकीच लावायची, हे तो जाणून होता.

"असंच असतं," तो म्हणाला. "मातीच असते. बाकीच्यांतही मातीच."

"थांब," कॅप्टन दोआन म्हणाला. तो उत्तरेतून पळून आलेला, चर्चला जाणारा. पण आमच्यात सात-आठ वर्षं काढलेली. "तुम्ही लोक आत लाकडाची हाडं घालता, असं मी ऐकलंय."

माझ्या हातातली वही वाळूत पडली.

"काही घराण्यांत घालतात," त्राक सावकाश म्हणाला. "या घराण्यात घालत नाहीत."

"खरं?" कॅप्टन बिएन आबाकडे वळला. "मांत्रिक तू ना? आणि हे सदऱ्याखाली काय आहे तुझ्या?"

देवाशप्पथ, त्या म्हाताऱ्यानं तो भारा कालपासून सदऱ्याखालून काढलाच नव्हता! आशेवर बसला होता म्हणे, शेवटच्या क्षणी बाई ऐकेल. तुतीच्या सात फांद्या बगलेतून डोकावत होत्या.

आबानं पाठ आणखी वाकवली. "कंबर, साहेब," तो विव्हळला. "तुतीच्या काढ्यानं बरं वाटतं. आज उभं राहायचं होतं ना फार वेळ, म्हणून बरोबरच घेतली."

कॅप्टननं ते दुभाष्याला सांगितलं, दुभाष्यानं मेजरना, आणि मेजरसाहेबांनी आबाला पाठीच्या दोन पांढऱ्या गोळ्या दिल्या. मग त्यांनी टोपी काढली, खड्ड्याला सलाम केला आणि झालेल्या त्रासाबद्दल विधवेला पिठाचं एक पोतं पाठवून दिलं. त्राकनं कुणाला हात लावू दिला नाही. फुटलेला दांग त्यानं एकट्यानं जुळवला, वर जाळं पसरलं, वाळू लोटली.

सगळे गेल्यावर काकी तिथंच वाळूत बसली आणि तिला हगवण लागली. चार दिवस. मला पाच.

त्या वर्षीच्या श्राद्धाला त्राक येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तो आला, उशिरा. उदबत्ती लावली नाही. पाटावर बसला आणि वाडग्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, मी सात वर्षं कुणाचं जेवलो?"

"तुझ्या भावाचं," काकी म्हणाली. "एवढं सगळं रांधते ते कुणासाठी? जिवंत माणसाला श्राद्धाचं वाढतात का, गाढवा?"

त्यानं एक घास घेतला. "मीठ जास्त झालंय," शेवटी म्हणाला, आणि जेवला.

मेजर टॅलबर्ट त्या वर्षअखेरीस मायदेशी गेले. त्यांच्या जागी दोन आले, मग वीस आले, आणि दोन वर्षांनी आमच्या गावाच्या वरच्या किनाऱ्यावर इतके उतरले की वाळू दिसेना. भीती तीच होती, विमानं नवी होती. वाऱ्याच्या सहा थडग्यांपैकी तीन एका बॉम्बमध्ये गेली, दांगचं राहिलं. त्राक १९६७ साली रस्त्यातल्या सुरुंगावर गेला. काकी १९७२ साली क्वांग न्गायच्या इस्पितळात काविळीनं गेली. शेवटच्या आठवड्यातही शेजारच्या खाटांना तिच्या आवाजाचा त्रास होता. मरायच्या आधी तिनं मला दोन बोटं दाखवली. मी ती मिटवायला गेलो तर म्हणाली, "पाणी दे मेल्या, दोन घोट."

लढाई संपली, तुकडे जोडले गेले. मला नव्या सरकारच्या अभ्यासवर्गात पंधरा दिवस बसवलं. चौक तोच होता, घोषणा तेवढ्या उलट होत्या. १९७६ च्या वसंतात उत्तरेहून टपाल सुरू झालं. हायफाँगच्या एका कचेरीचं पत्र लिऊ काकीच्या नावानं आलं. घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून सही करून मी घेतलं. दांग तिथल्या गोदीत कामाला असताना टायफॉइडनं वारला होता, ऑगस्ट १९५५ मध्ये. बिनहाडाचा बाहुला आम्ही पुरला तो १९५६ च्या मार्चमध्ये. म्हणजे आबानं हाक मारली तेव्हा येण्याजोगा आत्मा होता, आणि त्याला बसायला हाडं नव्हती.